अण्णांच्या खुर्चीपर्यंत बास: प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

दिवाळीला घेतलेल्या होम थिएटरबद्दल अण्णा दहा दिवस काही बोलले नाहीत. आज बोलले. त्यांच्या गुरुजींच्या पखवाजाची जुनी कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, ती लावली. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "सूनबाई, उजवा हात स्वच्छ ऐकू येतोय. डावा कुठे गेला?"

मी त्यांच्या खुर्चीत बसून ऐकलं. खरंच डावा नाही. शाईवरचे बोल टकटकीत, पण कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा म्हणून काही नाहीच. उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, तर तिथेही पखवाजाचा डावा नाही. मग एक इंग्रजी सिनेमा लावला. आता दाराशी नुसतं ढम ढम आणि खुर्चीत मात्र विमान उडतंय की पंखा फिरतोय ते कळू नये, इतकं मिळमिळीत. म्हणजे तक्रारी दोन आहेत आणि त्या एकच आहेत असं धरून चालायचं नाही.

संदर्भासाठी लिहून ठेवते. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर, दिवाणखाना १४ फूट लांब, ११ फूट रुंद, उंची १० फूट. चारही भिंती विटांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली मोझॅक फरशी. टीव्ही ११ फुटांच्या भिंतीवर. ५.१ चा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा), पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, मध्ये सेंटर, मागे दोन छोटे. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, १० इंची, स्वतःच्या अँप्लिफायरचा, मागे हवेचं भोक असलेला. बसवायला आलेल्या मुलाने तो टीव्हीच्या भिंतीला, उजव्या कोपऱ्याजवळ ठेवला आणि "हो गया भिया" म्हणून दोन वर्षांचं वॉरंटी कार्ड यांच्या हातात देऊन गेला. अण्णांची खुर्ची बरोब्बर खोलीच्या मध्यावर, पंख्याखाली. ती तिथे माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

घरात तुळशीच्या लग्नाची तयारी, त्यामुळे हाताशी दुपारचा तासभरच होता. पण त्या तासात पहिली चूक सापडली.

कॅसेट चालू असताना सबवूफरच्या जाळीवर तळहात ठेवला. पडदा हलतच नव्हता. मागचा दिवा लाल, म्हणजे सबवूफर झोपलेला. रिसीव्हरच्या मेनूत गेले. माइक लावून आपोआप सेटिंग करतात तेव्हा त्याने पुढचे दोन्ही स्पीकर "लार्ज" ठरवून टाकले होते. याचा अर्थ असा की खालचे सूरही त्या साडेपाच इंची पडद्यांनीच वाजवायचे, सबवूफरकडे पाठवायचे नाहीत. सिनेमात सबवूफरसाठी वेगळा ट्रॅक असतो, तो ५.१ मधला ".१", म्हणून सिनेमाला सबवूफर वाजत होता. कॅसेटवरून उतरवलेलं संगीत दोनच चॅनेलचं, त्यात असा ट्रॅक नाही. सगळं पुढच्या दोघांकडे गेलं आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचं हवेत विरलं.

पुढचे, मधला आणि मागचे, सगळे "स्मॉल" केले. क्रॉसओव्हर, म्हणजे सुरांच्या वाटणीची सीमा, ८० हर्ट्झ (सेकंदाला ८० कंपनं). म्हणजे ८०च्या खालचं हळूहळू सबवूफरकडे वळेल. स्मॉल म्हटलं की स्पीकरचा अपमान होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही, उलट त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

दुसरं, सबवूफरच्या पाठीवर स्वतःची क्रॉसओव्हरची कळ आहे, ती ६० वर होती. रिसीव्हर ८० ला गाळतोय आणि त्यापुढे हा पुन्हा ६० ला गाळतोय, म्हणजे एकाच चहाला दोन गाळण्या. मधला पट्टा त्यातच गळून जात होता. कळ पूर्ण उजवीकडे फिरवली.

ऑटो स्टँडबाय बंद करून सबवूफर कायम चालूवर ठेवला. अण्णा आवाज लहान ठेवून ऐकतात आणि तेवढ्या सिग्नलला तो जागाच होत नव्हता.

पुन्हा कॅसेट. डावा हात आहे! अशक्त आहे, पण आहे. तेवढ्यात आईंनी मंगलाष्टकांना बोलावलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सबवूफर कायम जागा ठेवल्यामुळे नवीन गोष्ट कळली: तो गुणगुणतोय. काही न वाजवता एकसुरी "हूं". आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तोच हा सूर आणि त्याच्या वरचा १००चा.

शोधायची पद्धत सोपी आहे, घाई मात्र करायची नाही. सबवूफरमधून रिसीव्हरकडून सिग्नल आणणारी आरसीए केबल काढली, गुणगुण गेली. म्हणजे सबवूफर चांगला आहे, घाण केबलमधून येते. केबल परत लावली आणि रिसीव्हरच्या मागून एकेक वस्तू सोडवत गेले. सेट टॉप बॉक्स सोडवल्यावर आवाज अर्धा झाला. मग लक्षात आलं की सबवूफर एक्स्टेन्शनने समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात, रिसीव्हर टीव्हीमागच्या बोर्डात आणि सेट टॉप बॉक्स तिसरीकडेच. तीन बोर्ड, तीन अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी केबलची जाळी. अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी तो केबलच्या जाळीतून वाहतो आणि सबवूफर तो इमानाने वाजवून दाखवतो.

शेजारच्यांनी सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला दिला. आवाज जाईलही. पण धातूच्या अंगाला कधी करंट उतरला तर त्याला जायला वाट उरणार नाही, आणि या घरात नातू सबवूफरला टेकून बसतो. असं कोणीही करू नये.

वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्प लावून पाहिलं तर समोरच्या बोर्डाच्या अर्थ पिनला लॅम्प पेटेचना. बोर्ड उघडला, आत हिरवी वायर नुसती लोंबकळत होती. किती वर्षं, कोण जाणे. ती जोडून घेतली. महाराणी रोडवरून चांगला सहा सॉकेटचा बोर्ड आणला आणि रिसीव्हर, सबवूफर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स सगळे एकाच ठिकाणाहून घेतले. कान जाळीला लावला तरच आता थोडं ऐकू येतं. बासपेक्षा ती हिरवी वायर सापडली याचं मला जास्त बरं वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज फेज.

सबवूफरच्या मागे एक बटण असतं, ० आणि १८०. ते कशासाठी हे दुकानात कोणी सांगत नाही. ८० हर्ट्झच्या आसपास पुढचे स्पीकर आणि सबवूफर दोघंही वाजत असतात. एकाच झोपाळ्याला दोन माणसं झोके देतात असं समजा. दोघांनी एका वेळी ढकललं तर झोपाळा उंच जातो. एकाने पुढून आणि एकाने मागून ढकललं तर तो जागच्या जागी थरथरतो, आणि दोघं घाम गाळतात ते वेगळंच.

८० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला. मोबाइल अण्णांच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर उशीवर ठेवला, त्यात आवाज मोजायचं अॅप. मोबाइलच्या माइकचे आकडे खालच्या सुरांना खरे मानायचे नसतात, पण तोच मोबाइल, तीच जागा, तोच टोन असेल तर आधी आणि नंतर यांची तुलना चालते. ० ला ६७ डेसिबल. भावजींनी मागे जाऊन बटण १८० वर केलं. ७५.

काही न बोलता कॅसेट लावली आणि अण्णांना बसवलं. चौताल सुरू झाला. दुसऱ्या आवर्तनात अण्णांचा डावा तळहात खुर्चीच्या लाकडी हातावर उघडा पडला, बोटं पसरलेली, आणि समेवर तो लाकडावर दाबला गेला, पखवाजाच्या पुडीवर दाबतात तसा, मनगटाने. गेल्या आठवड्यात तोच हात मांडीवर पडून होता. मी आकडे लिहून घेते, पण माझं मोजमाप खरं तर हा हात आहे.

एक टीप. रिसीव्हरने सबवूफरचं अंतर १७ फूट धरलंय, टेपने मोजलं तर ८ भरतं. भावजी ते "दुरुस्त" करायला निघाले होते. करायचं नाही. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज जरा उशिरा निघतो, रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजतो. त्याला आवाजाची वेळ जुळवायची आहे, खोलीची लांबी मोजायची नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पखवाजाचं काम झालं. सिनेमाचं विमान अजून खुर्चीत उतरत नाही.

४० हर्ट्झचा टोन लावला आणि टीव्हीच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत गेले. घरातल्या प्रत्येकाला हे चालायला लावलं. भिंतीपाशी पोटात घुमतं, चार पावलांनी पातळ होतं, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसं होतं आणि पुढे पुन्हा भरत जातं. आई म्हणाल्या, "इथे कोणी बंद केलं का?" त्या अण्णांच्या खुर्चीला टेकून उभ्या होत्या.

खडूने फरशीवर खुणा करून मोबाइलने मोजलं. १ फुटावर ८४, ४ फुटांवर ७७, ७ फुटांवर ६३, १० वर ७८, १३ वर ८५.

हिशेब असा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोलीची लांबी १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. ३४३ भागिले लांबीची दुप्पट, उत्तर ४० हर्ट्झ. या सुराची लाट ८.६ मीटर लांब, तिची बरोबर अर्धी या दोन भिंतींमध्ये मावते. गेलेली आणि परतलेली लाट एकमेकींवर पडतात, भिंतीपाशी दाब वाढतो आणि मध्यावर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. रुंदीचा असाच सूर ५१ला येतो, उंचीचा ५६ला. लांबी आणि रुंदी मिळून तिरका एक ६५ला.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत मिळणारे सल्ले बहुतेक अमेरिकेतल्या घरांचे असतात. तिथे भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे पत्रे. ती भिंत खालच्या सुरांना थोडी लवते, थोडा बास गिळते, थोडा बाहेर जाऊ देते. आपली विटांची भिंत लवत नाही. आला तेवढा बास परत फेकते. म्हणून आपल्याकडे उंचवटे जास्त उंच आणि खड्डे जास्त खोल. दुकानात बास दणदणीत आणि घरी गायब, याचं अर्धं कारण हेच.

म्हणजे इतके दिवस मी मशीन तपासत होते आणि दोष अण्णा जिथे बसतात त्या जागेत होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वरचे भाडेकरू आले. "भिया, रात को ऊपर पलंग तक हिलता है।" रास्त आहे. खालचे सूर स्लॅबला जुमानत नाहीत. रात्री नऊनंतर टोन नाही, सिनेमा नाही. सबवूफरखाली जाड रबर घातलं, फरशीतून जाणारी थरथर थोडी कमी झाली. हवेतून जाते ती जाणारच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज केलेलं सगळं फुकट गेलं. तरी लिहिते, पुढच्याची दुपार वाचेल.

पहिलं: दोन कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या. टाळी वाजवली की येणारा टणटणाट गेला, बोलणं जास्त स्पष्ट झालं. ४० हर्ट्झला मोबाइलवरचा आकडा जागचा हलला नाही. हलणारच नव्हता. असं मऊ सामान लाटेच्या पाव लांबीच्या जवळपास जाड असेल किंवा भिंतीपासून तेवढं दूर असेल तर ते लाट नीट गिळतं, आणि ४० हर्ट्झची पाव लांबी २ मीटरच्या वर भरते. गादी सहा इंच.

दुसरं: इक्वलायझरने, म्हणजे एकेक सूर वेगळा कमीजास्त करायच्या सोयीने, ४० हर्ट्झ ६ डेसिबल वाढवला. ६ डेसिबल म्हणजे अँप्लिफायरकडून चौपट ताकद. खुर्चीत जेमतेम फरक, भिंतीपाशी शोकेसमधल्या समया वाजायला लागल्या आणि सबवूफरच्या भोकातून फुस्स फुस्स वारा. कारण सरळ आहे: जाणारी लाट वाढवली की परतणारीही तेवढीच वाढते, मध्यावर पुन्हा दोघी एकमेकींना खातात. उंचवटा कापता येतो, हा खड्डा असा भरता येत नाही. लगेच शून्यावर आणलं.

समयांच्या बुडाला फेल्टच्या चकत्या लावल्या. एवढीच आजची कमाई.

रविवार, १६ नोव्हेंबर

सबवूफर अण्णांच्या खुर्चीत बसवला आणि मी आणि भावजी भिंतीकडेने गुडघ्यावर रांगलो. यात तथ्य आहे: सबवूफर आणि कान यांनी जागांची अदलाबदल केली तरी मधलं गणित तेच राहतं. सबवूफर खुर्चीत असताना ज्या ठिकाणी बास सपाट आणि भरीव ऐकू येतो, त्या ठिकाणी सबवूफर ठेवला की खुर्चीत तसाच ऐकू येणार.

संपूर्ण खोली रांगून झाली. ६० च्या वर चांगल्या जागा तीन सापडल्या. ४० ला एकही नाही. खुर्ची जोवर खोलीच्या बरोबर मध्यावर आहे तोवर सबवूफर कुठेही नेला तरी लांबीचा तो सूर तिथे पोचणार नाही. हलवायची ती खुर्ची.

हे अण्णांना सांगायला मला दोन दिवस लागले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगितलं. अण्णा गप्प. मग म्हणाले, "पंखा?" थंडीचे दिवस आहेत, मी म्हटलं. "आणि उन्हाळ्यात?" मी म्हटलं, उन्हाळ्याच्या आत पंख्याचा हूक सरकवून घेऊ. मग त्यांनीच विचारलं की खिडकीकडे सरकवली तर सकाळी पेपरला उजेड मिळेल का. मला रुंदीच्याही मध्यावरून खुर्ची काढायचीच होती, ५१ चा खड्डा तिथे होता. खिडकी डावीकडेच आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

खुर्ची उचलली. खाली मोझॅकवर चार फिकट गोल, पायांच्या बुडाचे, भोवतालची फरशी पिवळट झालेली आणि हे चार मात्र नव्यासारखे, त्यातल्या काळ्या-तांबड्या खड्यांचे दाणे चकाकत होते. आईंनी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, राहू देत.

नवी जागा: मागच्या भिंतीपासून सव्वापाच फूट, मध्यरेषेपासून एक फूट खिडकीकडे. अगदी भिंतीला टेकवली नाही, तिथे ४० चा फुगवटा इतका की प्रत्येक दार आपटल्याचा भूकंप होतो.

खुर्ची बदलली म्हणून पुन्हा सबवूफर खुर्चीत, पुन्हा रांगणं. या वेळी जागा मिळाली: डाव्या भिंतीलगत, टीव्हीच्या भिंतीपासून तीन फूट. सबवूफर तिथे नेला.

ऑफिसमधल्या एकाकडून मोजणीचा यूएसबी माइक मागून आणला होता, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम. २० ते २०० हर्ट्झ सरकता सूर. ४० चा खड्डा आता खड्डा नाही, थोडा उतार आहे. ५१ ला बारीकशी खाच. आणि ६५ ला ९ डेसिबलचा टेकाड. हा तोच तिरका सूर, ९ तारखेला कागदावर काढलेला. कागदावरचा आकडा पडद्यावर त्याच जागी उभा राहिला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली, तीही आलेखात उमटली.

६५ ला ६ डेसिबल कापले. पूर्ण ९ कापले नाहीत, आजूबाजूचं कोरडं होत होतं. वाढवलं काहीच नाही.

रिसीव्हरचं आपोआप सेटिंग नव्याने चालवलं. त्याने पुन्हा पुढचे स्पीकर लार्ज केले. पुन्हा स्मॉल. नवीन जागेला फेज परत तपासली: आता ० च बरोबर. जागा बदलली की हेही बदलतं, मागचं उत्तर चालत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी पोहे, मग सिनेमातलं तेच विमान. या वेळी ते डोक्यावरून गेलं आणि नातवाने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी ढम ढम अजून आहे, पण तिथे कोणी बसून सिनेमा बघत नाही.

दुपारी अण्णांनी स्वतः कॅसेटी काढल्या. नाना पानसे होळकर दरबारचे, त्यांच्या घराण्याची वाट आमच्या इंदूरची, हे अण्णा सांगतात तेव्हा आवाज खाली येतो. गुरुजी वादनाच्या आधी कणीक किती सैल भिजवायचे, तीही कशी चिमटीने वाढवायचे, हे आज पहिल्यांदा सांगितलं. सैल कणीक जास्त चढवली की सूर खाली जातो. "ऐक, इथे त्यांनी थांबून कणीक काढली." आणि खरंच, थोडा वेळ शांतता, बोटाचा ओला घासल्याचा आवाज, मग डावा मगाचपेक्षा जरा चढा. गेल्या महिन्यात मी ही कॅसेट उतरवताना तीन वेळा ऐकली होती. हा फरक मला कळला नव्हता, स्पीकरांनी तो दाखवलाच नव्हता.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अकरा नंबरची कॅसेट लावली आणि सबवूफर गुणगुणायला लागला. तोच ५० चा "हूं". पोटात गोळा आला, म्हटलं अर्थिंग परत सुटलं. बोर्डापाशी धावले. भावजींनी तेवढ्यात पॉज दाबला आणि गुणगुण थांबली. पुन्हा चालू केलं, पुन्हा आली.

ती कॅसेटमध्येच आहे. ज्या हॉलमध्ये ते रेकॉर्डिंग झालं तिथल्या विजेची गुणगुण, इतकी वर्षं टेपवर पडून होती. बास नव्हता तोवर कोणाला ऐकू आली नाही.

लॅपटॉपवर ५० हर्ट्झवर बारीक गाळणी लावून पाहिली. गुणगुण गेली, पण डाव्याच्या खालच्या घुमाऱ्यातूनही काहीतरी गेलं. दोन्ही अण्णांना ऐकवलं, कोणतं कुठलं ते न सांगता. त्यांनी दोन्ही पुन्हा लावायला सांगितलं. मग गुणगुण असलेलं ठेव म्हणाले.

गाळणी काढली. फाइलला "११-मूळ" नाव दिलं. बारा नंबरची टेप आत अडकली आहे, उद्या स्क्रू काढून फिरकी मोकळी करायची.